काट्याकडं पाठ करून

सिस्टर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण ओपीडीत वजनकाट्यापाशी उभ्या असता त्या तुम्हीच, हे वाचताना कळेलच.

त्या दिवशी चप्पल काढून काट्यावर चढणार, तोच तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "आकडा बघायचाय का तुला? नसंल बघायचा तर माझ्याकडं तोंड करून उभी ऱ्हा." मी वळले. तुम्ही आकडा केसपेपरवर लिहिलात आणि कागद पालथा घातलात. एवढंच. परत जाताना रिक्षात रंकाळा येईपर्यंत रडत होते मी.

त्याआधी एका दुसऱ्या दवाखान्यात माझं वजन बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारलं होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४. आपल्याकडं २३ च्या पुढं गेलं की तक्त्यात 'जास्त वजन'. गेले होते पाळी चुकते म्हणून, मिळालं काय, तर "तोंडावर ताबा ठेव." तीन महिन्यांनी सात किलो उतरले तेव्हा "शाब्बास, असंच चालू ठेव!" मी रोज जेवून ओकत होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. याला बुलिमिया म्हणतात, थांबता न येता खायचं आणि मग ओकून काढायचं असा आजार, आणि तो झालेली पोरगी काडीच असते असं नाही, हे तुमच्याकडं आल्यावर कळलं.

आपल्या बोलण्यातच गोम आहे म्हणा. कोल्हापुरात "तब्येत सुधारली की गं!" म्हणजे जाड झालीस. आणि "वाळलीस" म्हणजे आई जेवायला घालत नाही काय? दोन्ही मायेनंच.

तुम्ही "चोरून खातेस का?" असं विचारलं नाहीत. "खायला लागलं की थांबताच येत नाही, असं होतं का कधी?" असं विचारलंत. उलटीचं विचारतानाही आवाज तोच, ताप आहे का विचारतानाचा. म्हणून तर हो म्हणाले. मग रक्त तपासलं, पोटॅशियम उतरलेलं निघालं. उलट्यांनी ते उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं.

परवा रविवारी आत्याकडं तांबडा-पांढरा होता. दारातच "तब्येत सुधारली की!" पोटात गोळा आला. तरी पांढऱ्याची दुसरी वाटी घेतली आणि जेवण झाल्यावर आत्याशेजारी भांडी घासायला बसले. जेवणानंतरचा तास एकटी राहू नकोस, हे तुमचंच सांगणं.

मंगळवारी येते. पाठ करूनच उभी राहीन, अजून.

तुमची,
केसपेपर पालथा घातलेली पोरगी