ग्रिड मागवण्याआधी

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वित्झर्लंडमधील रोन नदीच्या खोऱ्यातील वाऱ्यांच्या अभ्यासासाठी तू आयकॉन हे हवामानाचे संगणकीय मॉडेल वापरणार आहेस आणि त्याचे ग्रिड, म्हणजे गणनेसाठी जमिनीवर आखलेले त्रिकोणांचे जाळे, तुमच्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील सीटूएसएम या हवामान-मॉडेलिंग केंद्राच्या झोंडा या संकेतस्थळावरून तयार करून घेणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. फॉर्म भरायला वेळ लागत नाही. परंतु त्यात भरलेला प्रत्येक आकडा पुढे तुझ्या निष्कर्षांत उतरणार आहे, म्हणून मॉडेलिंगमध्ये नोकरी केलेली आई या नात्याने चार गोष्टी लिहिते.

पहिला प्रश्न त्रिकोणांच्या आकाराचा. वीस समभुज त्रिकोणांनी पृथ्वी झाकायची, त्यांच्या कडांचे आधी ठरावीक भाग करायचे आणि मग त्या पुन्हा पुन्हा दुभागायच्या, ही आयकॉनची रीत तुला ठाऊक आहेच. आर३बी७ म्हणजे आधी तीन भाग आणि नंतर सात वेळा दुभागणी. कडेचे तीन भाग केले की एका त्रिकोणाचे नऊ होतात आणि प्रत्येक दुभागणीत चार, म्हणून वीस गुणिले नऊ गुणिले चारचा सातवा घात केला की २९,४९,१२० त्रिकोण होतात आणि ग्रिडचे अंतर सरासरी १३ किलोमीटर येते. जर्मन हवामान सेवेने २०१५ मध्ये जागतिक अंदाजासाठी हेच ग्रिड वापरात आणले. हा हिशेब एकदा हाताने करून पाहा, म्हणजे फॉर्ममधले आकडे तुझ्या ओळखीचे होतील.

जगासाठी १३ किलोमीटर ठीक आहे, तुझ्या खोऱ्याला ते पुरणार नाही. खोऱ्यातले सिऑन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे आणि दक्षिणेला थोड्याच अंतरावर ४,००० मीटरहून उंच शिखरे आहेत. एवढ्या मोठ्या त्रिकोणात तळ आणि उतार यांची एकच सरासरी निघते, खोरे भरून जाते आणि त्यातून वाहणारा वाराही नाहीसा होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सरळ रेषेत २५ किलोमीटरांच्या आसपास असलेल्या वाईला तो हजाराच्या आत राहतो, हे आपण इथे पाहतोच. सह्याद्री बुटका झाला की मॉडेलला हा फरक दाखवता येत नाही. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०२४ पासून १ किलोमीटरचे आयकॉन वापरात आणले, त्यामागे आल्प्सची हीच अडचण आहे. तूही तेवढेच माग, त्याहून बारीक आत्ताच नको: अंतर निम्मे केले की त्रिकोण चौपट होतात, मॉडेल ज्या वेळेच्या टप्प्यांनी पुढे सरकते तो टप्पाही निम्मा करावा लागतो आणि गणनेचा खर्च सुमारे आठपट होतो.

क्षेत्राची सीमा आखताना घाई करू नकोस. कडेच्या पट्ट्यात बाहेरच्या मॉडेलची मूल्ये मिसळली जातात, त्यामुळे तिथले वारे अभ्यासाला निरुपयोगी असतात. खोऱ्याच्या पश्चिम टोकाशीच माँ ब्लाँचा डोंगरसमूह आहे. सीमा त्यावरून गेली तर बाहेरच्या, मोठ्या त्रिकोणांच्या मॉडेलमधला बुटका डोंगर आणि तुझ्या ग्रिडमधला उंच डोंगर यांचा मेळ बसणार नाही. ती जिनिव्हाच्याही पश्चिमेला न्यावी, असे माझे मत आहे.

त्रिकोणांसोबत उंची, माती, वनस्पती, सरोवरांची खोली ही माहितीही तिथेच तयार होते. उंचीसाठी ग्लोब नावाची माहिती निवडलीस तर तिचे बिंदू १ किलोमीटरवर असल्याने एका त्रिकोणाच्या वाट्याला जेमतेम एकदोन येतील. त्याच्या आतल्या उतारांबद्दल काहीच कळणार नाही. अ‍ॅस्टर या दुसऱ्या माहितीचे बिंदू ३० मीटरवर आहेत, तीच घे. मात्र फार तीव्र उतारांवर दाबाच्या गणनेत चूक शिरते आणि खोटे वारे उठतात, म्हणून उंची थोडी गुळगुळीत करणे भाग असते. ते किती करायचे हे संकेतस्थळ ठरवून देणार नाही. दोन पर्याय मागव आणि सिऑनची उंची दोन्हींत ताडून पाहा.

फाइल हाती आली की लगेच मॉडेल चालवू नकोस. आधी उंचीचा नकाशा काढ, मग जिनिव्हा सरोवराची खोली तपास. प्रत्यक्षात ते सर्वांत खोल जागी ३१० मीटर आहे. प्रत्येक ग्रिडला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि उंची-मातीच्या फाइलमध्येही तोच असावा लागतो, त्यामुळे ग्रिड पुन्हा मागवलेस तर जुनी फाइल त्याला जोडू नकोस. फॉर्ममध्ये भरलेली सर्व मूल्ये प्रबंधाच्या कागदपत्रांत जपून ठेव.

दोन्ही पर्यायांतले सिऑनच्या परिसराचे उंचीचे नकाशे तयार झाले की मला पाठव. मी ते बारकाईने पाहीन आणि सीमेबद्दल तुझे मत वेगळे असेल तर त्यावरही बोलू.

तुझी,
आई