अक्का, शुगरची वही अजून लिहितेय बगा

अक्का, वयानं तुम्ही माझ्यापेक्षा लहान, पण पहिल्या दिवसापासनं तोंडात अक्काच बसलंय, ते आता बदलत नाही.

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मला वाटलेलं संपलं सगळं. आधीच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी बोलणीच खायची, भात खाल्ला काय, गोड खाल्लं काय, म्हणून मी रिपोर्टच लपवून ठेवायची. सुई सून टोचायची, मी डोळे मिटून घ्यायची. येळ्ळूरच्या बाईला भात सोडा म्हणायचं म्हणजे काय ओ, आमच्या शेतातच बासमती!

या दवाखान्यात शुगरचं समजावून सांगायला तुम्ही भेटलात, तुम्ही मात्र भात सोडा म्हटलंच नाही. म्हटलं, एक दिवस ताटभर भात खा, दुसऱ्या दिवशी वाटीभर भात आणि भाकरी खा, दोन्ही दिवशी दोन तासांनी शुगर बघायचं मशीन लावा आणि आकडे वहीत लिवा, मग तुम्हीच मला सांगा काय करायचं ते. तुमचं ते कानडी हेल काढून बोललेलं मराठी, पण मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त समजलं. आणि समजावून झालं की म्हणायचा, आता तुम्ही मला शिकवा, मी पेशंट. मी तुम्हाला सुई कुठं टोचायची, रोज जागा का बदलायची, ते शिकवायची आणि मागं लाईनीत बसलेली माणसं हसायची. लाज वाटायची, पण डोक्यात बसलं ते तिथंच. लाईट गेली तर इन्सुलिन माठात ठेवायचं, पण पाण्यात बुडवायचं नाही, हे पण तुमचंच, खास खानापूरचा माठ आणला त्यासाठी.

आता मेन गोष्ट. गेल्या महिन्यात खानापूरला बहिणीकडनं परत येताना स्टँडवर हात थरथरायला लागले, घाम सुटला, बस काय येईना. पहिली मी असती तर तिथंच रडत बसली असती. पिशवीतनं मशीन काढलं, 62. तुम्ही सांगितलेलं 70 च्या खाली गेलं की आधी साखर, मग बाकीचं. पुडीतली तीन चमचे साखर पाण्यातनं घेतली, घड्याळ बघत 15 मिनिटं बसले, परत लावलं, 94. मग डब्यातली चपाती खाल्ली आणि पुढची बस धरली.

घरी सुनेनं विचारलं, एवढा उशीर का झाला. म्हटलं, शुगर उतरलेली, चढवून आले.

मंगळवारी वही घेऊन येते. तांदूळ पण आणणार आहे, नको म्हणू नका.