दिवट्या, माफ कर

प्रिय दिवट्या,

स. न. वि. वि. वगैरे. इकडे सगळे ठीक. माझं बीपी गोळीच्या ताब्यात आहे, कंबर अधूनमधून हजेरी लावते. झालं प्रकृतीचं.

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची शरम आहेच; पण आज पेन उचललंय ते वेगळ्या शरमेपोटी. झालेली गोष्ट बायकोला सांगितली, ती "बरं" म्हणाली. ऑफिसात सांगितली, तर त्यांना वाटलं होडी बुडाली, आणि बुडाली नाही हे कळल्यावर हिरमुसून कामाला लागले. तेव्हा राहिलास तूच.

माझ्या होडीची बॅटरी उतरली. रात्रभर दिवे चालू राहिले म्हणून.

हस. पोटभर हास, मी थांबतो. २२ वर्षांपूर्वी तू हेडलाइट चालू ठेवून जीपमध्ये घोरत पडलास, पहाटे आपण चौघांनी ती चढावर ढकलली आणि मी तुझं नाव दिवटा ठेवलं. ते तुझ्या लग्नातसुद्धा सोडलं नाही. वहिनीनं विचारलं, "दिवटा का?" तेव्हा सगळी कथा अभिनयासकट सांगितली. आता ऐक.

होडी घेतल्यावर नांगर टाकून काढलेली ती पहिलीच रात्र. संध्याकाळी इंजिन बंद केलं, पॅनेलवर व्होल्ट पाहिले : १२.९. म्हटलं, वा, काठोकाठ भरलीय! तो आकडा कसा फसवा असतो हे आता कळतं. चार्जिंग नुकतं थांबलेलं असतं तेव्हा बॅटरी उगाच फुगून बोलते. काही तास तिला निवांत ठेवून मोजलं तरच खरं बाहेर येतं. तशी निवांत १२.७ दाखवली तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ च्या खाली गेली की संपल्यात जमा. आणि त्या होत्या आधीच्या मालकाच्या दोन म्हाताऱ्या, आठ वर्षांच्या. वर सिलेक्टर स्विच "बोथ"वर, म्हणजे इंजिन सुरू करायची आणि घरातली, म्हणजे केबिनच्या दिव्याबिव्यांची, अशा दोन्ही एकदम उपसल्या जाणार. डोलकाठीवर जुना १० वॉटचा नांगर-दिवा, खाली केबिनचे दिवे, आणि चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा, बंद करायचा राहिलाच. पहाटे किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टक् म्हणाला. पॅनेलवर ११.४.

शिडावर परत आलो. वीस मिनिटांच्या अंतराला दोन तास, तेही धक्क्याला कशी लागली ते विचारू नकोस. सुकाणू धरून पूर्ण वेळ मला तुझीच आठवण येत होती. जीप निदान ढकलता तरी येते रे.

मग सुरू झालं संशोधन. तुझ्या मेहुण्याला फोन केला ही पहिली चूक. "लिथियमच घे," म्हणे, "शिसं कोण घेतं आता?" शिशाच्या बॅटरीचा शोध १८५९ चा, गास्ताँ प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाचा, म्हणजे जुनी हे कबूल. पण मेहुण्याचा सूर असा की जणू मी बैलगाडी घेतोय. मी पण मग हट्टाला पेटलो.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे तुला सांगतो, त्याला सांगू नकोस. १०० अँपिअर-तास (वीज साठवायचं माप) साठवणारी शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास; तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेटची १२-१३ किलो. शिशाची अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, लिथियमची ऐंशी टक्के वापरली तरी कुरकुरत नाही. फोनमध्ये असते तशी भडकू जातही नाही ती, बरीच शांत. पण ती खादाड आहे. छोट्या इंजिनाचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र, तिला जोडला की ती मागतच राहते आणि तो बिचारा तापून जळायची पाळी येते. त्यातून आतल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटला, काही पटलं नाही आणि त्यानं चालू चार्जिंगमध्ये फटकन संबंध तोडला, तर उसळलेल्या व्होल्टेजनं अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. म्हणून मध्ये तिच्या खादाडपणाला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. गोठणबिंदूखाली तिला चार्ज करायचं नाही. आणि मला सगळ्यात खटकलं ते हे : तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे साध्या मीटरवरून भरलीय की रिकामी ते कळत नाही, शंट, म्हणजे प्रवाह मोजायची पट्टी, लावून आत-बाहेरचा हिशोब ठेवावा लागतो. जो माणूस नुकताच एका मीटरकडून फसलाय त्याला हे सांगून बघ.

शेवटी वही काढली. तुझी ती मेसच्या हिशोबाची पद्धत, प्रत्येक गोष्टीपुढे आकडा. नांगर-दिवा एलईडी केला की रात्रीचे २ अँपिअर-तास (जुना बल्ब ९ खायचा!), रेडिओ नुसता ऐकायला ४, प्लॉटर ८, स्वयंचलित सुकाणू ९, केबिनचे दिवे २, फोन ३. झाले २८. फ्रिज लावला असता तर त्या एकट्यानंच चाळीसेक खाल्ले असते, म्हणून फ्रिज नाही. बायको यावर अजून बोलत नाही, म्हणजे बोलणार आहे. तर २८ रोजचे, आणि शंभराच्या दोन एजीएम (शिशाच्याच, पण सीलबंद) घेतल्या तर वापरण्याजोगे १००. तीन दिवस निघतात. शिवाय अल्टरनेटर आहे तोच चालतो, चार्जरही. इंजिनाला वेगळी छोटी बॅटरी, तिला घरातल्या कुठल्याही दिव्यानं हात लावायचा नाही. इंजिन सुरू झालं की मधला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, दोन्हीकडे चार्जिंग जाऊ देतो, बंद झालं की तोडतो. "बोथ" हा शब्दच होडीतून काढून टाकला. मेहुण्याला म्हणावं, पुढच्या खेपेला लिथियम.

बसवायला दोन रविवार गेले. अंगठी काढून ठेवली, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली, निगेटिव्ह आधी काढली आणि शेवटी लावली. हो, तू पाठ करून घेतलेलं सगळं आठवलं. जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यात पांढरी बुरशी, आणि पट्टा? पट्टाच नव्हता! होडी कलली की ३० किलोचं धूड आत मोकळं फिरणार. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमात बॅटरी १ इंचापेक्षा जास्त हलता कामा नये असं आहे, माझी आता दोरा जाईल एवढीही हलत नाही. त्याच कौन्सिलच्या नियमांत फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ७ इंचांच्या आत हवा, तोही बसवला, कारण त्याच्या आधीची वायर घासली तर तिला वाचवणारं कुणी नाही. तळातलं पाणी उपसणारा पंप तेवढा मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसह. मी घरी झोपलो तरी तो जागा पाहिजे.

आणि केबल जाड घेतली. हॉस्टेलमधला तुझा हीटर आणि माझी ती पातळ वायर आठवते? मी म्हणत होतो चालेल, तू म्हणत होतास हात लावून बघ, मी लावला. तो वाद तू जिंकलास हे आज लेखी देतो.

आता मुद्द्याचं. दोन्ही एजीएम एकमेकींना जोडणारी निगेटिव्हची छोटी केबल आहे ना, तिचं एक थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, मला सलतंय. क्रिंप, म्हणजे ती वायरवर दाबून आवळणं, मीच केला. ओढून पाहिला तेव्हा निघाला नाही, पण किंचित फिरल्यासारखा वाटला. किंवा माझाच हात फिरला असेल. तोपर्यंत रविवारचा उजेड संपत आलेला, मी वरून नळी चढवली, गरम करून घट्ट बसवली, आणि आता आतलं काही दिसत नाही. पॅनेलवर १२.७. सगळं चालतं. पण सैल जोड नेहमी चालतोच, तापेपर्यंत. काल रात्री तीनला उठून मी घरी पलंगावर बसून विचार करत होतो की हात फिरला की थिंबल. ही असली भीती कुणाला सांगायची? कापून नवं लावायला दहा मिनिटं लागतील, मला माहीत आहे. पण मग दुसऱ्या टोकाचंही तसंच वाटणार, मग फ्यूजपाशी. माझा माझ्या हातावरचा विश्वासच त्या रात्री उतरलाय.

खरा उपाय सोपा आहे. सगळे दिवे लावून त्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे मल्टिमीटर धरायचा. जोड चांगला असेल तर जवळजवळ शून्य दिसतं, काही मिलिव्होल्ट. आणि माझा पिवळा मल्टिमीटर सेकंड इयरपासून तुझ्याकडे आहे. नवा कुठेही मिळतो हे मला सांगू नकोस.

बाकी, तुझी बदली रद्द झाली का? काकांचा गुडघा कसा आहे? धाकटीनं चित्रकला घेतली हे मास्तरांकडून कळलं, छान झालं, तिला सांग. वहिनीला नमस्कार, आणि ती हसली तर किती वेळ हसली ते कळव.

तुझा,
नवा दिवटा

ता. क. मीटरमधला सेल बदलून आण. तू बदलला नसशीलच.