भत्ता किती मिळणार, हे नोकरी गेली त्याच दिवशी कळू द्या

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री
(अध्यक्ष, कर्मचारी राज्य विमा महामंडळ) यांस,

स. न. वि. वि.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे, म्हणजे नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला बेकारी भत्ता देणाऱ्या योजनेचे, अर्ज भरून देण्याचं काम आम्ही करतो. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर इथले कामगार समोर बसले की त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : "किती मिळतील?" घरभाडं द्यायचं की गावी जायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. ते उत्तर महामंडळाच्या संगणकात असतं आणि कामगाराला मात्र पैसे खात्यात आल्यावरच कळतं.

ही योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली, तेव्हा दर होता सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, आयुष्यात एकूण ९० दिवस. टाळेबंदीत तो ५० टक्के केला गेला. निर्णय ऑगस्ट २०२० मध्ये झाला आणि लागू धरला २४ मार्च २०२० पासून. मुदत आधी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत होती, मग ३० जून २०२१ पर्यंत आणि त्यानंतरही वाढली. वाढीबद्दल आमची तक्रार नाही, उलट ती हवीच होती. तक्रार आहे ती हिशेबाबद्दल.

कामगार हिशेब असा करतो : पगार १४,००० रुपये, त्याचा निम्मा ७,०००, तीन महिन्यांचे २१,०००. प्रत्यक्षात नोकरी जाण्याआधीच्या चार अंशदान कालखंडांची (अंशदान म्हणजे पगारावर भरली जाणारी विम्याची वर्गणी) एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. कालखंड दोनच : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. समजा, नोकरी १० मे २०२१ ला गेली. मग एप्रिल २०१९ ते मार्च २०२१ एवढीच कमाई धरायची. एप्रिल-मेचा पगार त्यात येत नाही. चोवीसही महिने १४,००० मिळाले असतील तर ३,३६,००० भागिले ७३०, म्हणजे दिवसाला ४६० रुपये २७ पैसे. त्याचे ५० टक्के धरून ९० दिवसांचे २०,७१२ रुपये होतात. इथवर कामगाराचा अंदाज फारसा चुकत नाही.

पण एप्रिल ते जून २०२० कारखाना बंद होता आणि पगार शून्य होता, तर? बेरीज २,९४,००० वर येते, भाजक मात्र ७३० च राहतो. हाती येतात १८,१२३. म्हणजे ज्या संकटासाठी सरकारने दर दुप्पट केला, त्याच संकटाचे रिकामे महिने सरासरीत बसून २,५८९ रुपये कापून नेतात. शासनाच्याच आदेशाने बंद राहिलेले दिवस भाजकातून वगळले पाहिजेत, असं आमचं ठाम मत आहे.

पात्रतेतही हेच होतं. मूळ अट अशी की किमान दोन वर्षं विमा हवा आणि चारही कालखंडांत प्रत्येकी अंशदानाचे किमान ७८ दिवस भरलेले हवेत. ७८ म्हणजे महिन्याला २६ धरले तर बरोबर तीन महिने. जुलै २०२० च्या मध्यावर ज्याचा कारखाना उघडला, त्याचे सप्टेंबरअखेर ७८ भरूच शकत नाहीत. सवलतीच्या काळात लगतच्या कालखंडात ७८ आणि उरलेल्या तिनांपैकी एकात ७८ एवढं पुरत होतं, म्हणून असे लोक तरले. सवलत संपली की यांचा नुसता दर निम्मा होत नाही, ते योजनेतूनच बाहेर पडतात. दर आणि पात्रता या दोन वेगळ्या सवलती आहेत, हे कुणी कामगाराला सांगत नाही.

आकडा चुकण्याची आणखी कारणं आम्हाला रोज दिसतात. हातात येणारा पगार धरला की अंदाज कमी निघतो. अंशदान ज्यावर कापलं ती रक्कम धरायला हवी. त्या वर्षांत ओव्हरटाइम विम्यासाठीच्या २१,००० रुपयांच्या पगारमर्यादेत मोजत नसत, पण त्यावर अंशदान कापत, म्हणून तो बेरजेत घ्यावा लागे. सगळ्यात जास्त नुकसान करतो तो दुसरा विमा क्रमांक. कंत्राटदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवा काढतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचे ७५ दिवस एका क्रमांकावर, जानेवारी ते मार्चचे ७७ दुसऱ्यावर. बेरीज १५२, पण ७८ कुठेच नाही! नव्या क्रमांकावर दोन वर्षंही पूर्ण नसतात. शिवाय मासिक अंशदान भरताना 'नोकरकपात' हा पर्याय असूनही कारकून सवयीने 'नोकरी सोडली' टाकतो, आणि स्वखुशीने सोडली असा अर्थ लागून दावा अडकतो.

अमेरिकेचं उदाहरण जरूर बघा. २७ मार्च २०२० च्या कायद्याने तिथे राज्याच्या बेकारी भत्त्यावर आठवड्याला सरसकट ६०० डॉलर केंद्राने दिले. टक्केवारी न लावता ठरावीक रक्कम दिली, कारण अनेक राज्यांचे जुने संगणक टक्केवारीचा हिशेब झेपवू शकत नव्हते. न्यू जर्सीत राज्याचा भत्ता सरासरी साप्ताहिक पगाराच्या ६० टक्के, त्या वर्षी कमाल ७१३ डॉलर. त्यात ६०० मिळवले की झालं. राज्याचा एक डॉलर मिळणाऱ्यालाही पूर्ण ६०० मिळत. त्या पद्धतीत दोष होतेच : पुरवणी रक्कम करपात्र होती हे अनेकांनी धरलं नाही, आणि जुलैअखेर ती एकदम थांबली. पण बेरीज ज्याची त्याला करता येत होती. आपली टक्केवारीची पद्धत कमी पगाराच्या माणसाला कमी देते, आणि वर अंदाजही करू देत नाही.

तेव्हा मागणी एवढीच. विमाधारकाच्या लॉगिनमध्ये चारही कालखंडांचे दिवस, कमाई, ७३० चा भागाकार आणि आजच्या दराने येणारी रक्कम दिसावी. यासाठी लागणारी सगळी माहिती महामंडळाकडे अंशदानातूनच आलेली असते. एकाच आधारवर दोन विमा क्रमांक दिसले तर नोकरी सुरू असतानाच सूचना जावी. आणि मुदतवाढीच्या प्रत्येक आदेशात पहिल्याच ओळीत लिहावं की दर कोणत्या तारखेवरून ठरणार : नोकरी गेल्याच्या, अर्जाच्या, की भत्त्याच्या त्या त्या दिवसाच्या. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी कामावरून काढलेल्या माणसासाठी या तीन उत्तरांत निम्म्या रकमेचा फरक पडू शकतो.

कळावे,
आपले,
कामगार विम्याचे दावे भरून देणारे कार्यकर्ते