बांधावरची नोकरी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दिवसभर स्क्रीनसमोर बसून मान आखडते. बाहेर पाऊस पडून गेला तरी कळत नाही. मोजणी खात्याचा फॉर्म भरू का?" मी हो-ना काहीच म्हटलं नाही. राग नव्हता गं. ज्या उन्हाला नोकरीभर शिव्या घातल्या, तेच ऊन पोरगी हौसेनं मागतेय, म्हणून काही सुचेना.

टेबल नको म्हणतेस, पण आम्ही टेबलच खांद्यावर घेऊन हिंडायचो. प्लेन टेबल! ढेकळांत तिपाई रोवायची, फळी समपातळीत आणायची, वर कागद ताणून बसवायचा आणि वाऱ्याशी भांडत रेघा ओढायच्या. सोबत शंकू साखळी, ३३ फुटांची; तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. हा हिशेब मला शाळेत कधी कळला नाही, रानात चालून पायात बसला. वैशाखात साखळीचा असा चटका बसायचा की शिपाई हाताला फडकं गुंडाळायचा.

उन्हाची सवय होते. माणसांची होत नाही. हद्द कायमची, म्हणजे बांध नक्की करून देण्याची, मोजणी लागली की दोन्ही बांधांवर भावकी उभी. दोन्हीकडून चहा यायचा. एकाचा घेतला की दुसरा म्हणणार, मोजणी तिकडं झुकली. म्हणून मी कुणाचाच घेत नसे, पाणीसुद्धा घरचं. तुझी आई रोज दोन बाटल्या भरून द्यायची, ते या कारणानं. एकदा एका म्हातारीनं स्वतःच्या हातानं हद्दीचा दगड दाखवला. तो तिच्याच पोरानं चार हात सरकवलेला निघाला. तिला ठाऊक नव्हतं. खुणा करून झाल्यावर ती तिथंच बांधावर बसून राहिली. नकाशा बरोबर आला, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता रोव्हर नावाचं यंत्र आलंय, उपग्रहावरून बिंदू मिळतो, काम झपझप होतं. पण मूळ हद्द जुन्या मोजणीच्या टिपणावरूनच लावावी लागते. आणि चार हात जमीन कमी भरल्यावर समोरचा भांडणार तुझ्याशीच, उपग्रहाशी नाही.

आणखी एक. जाहिरात नीट वाच. २०२१च्या जाहिरातीत पदाचं नावच 'भूकरमापक तथा लिपिक' होतं, म्हणजे जमीन मोजणारा आणि कारकूनही. सिव्हिलचा डिप्लोमा तुझ्याकडे आहे, पण टंकलेखनाचं प्रमाणपत्रही मागतात, ते उगाच नाही. रानातून आलं की नकाशा पुरा करायचा, क्षेत्र काढायचं, 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला द्यायची मोजणी नकाशाची प्रत, तयार करायची. निम्मा आठवडा खुर्चीतच. आणि बढती मिळाली की माणूस आतच जातो. मी शिरस्तेदार झालो आणि शेवटची सात वर्षं फायलींत गेली. पगार वाढला, पोट वाढलं. खिडकीतून मोजणीला निघालेली पोरं दिसायची, तेव्हा मात्र त्या साखळीची आठवण यायची. हे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून नको म्हणवत नाही. पण 'मोकळ्या हवेत काम' एवढ्यावर फॉर्म भरणार असशील तर थांब. हवेसाठी रविवारी सिंहगड चढता येतो. अनोळखी माणसांच्या भांडणात मधोमध उभं राहून, डोकं थंड ठेवून, खरी रेघ ओढायला आवडेल का, ते आधी बघ.

ते पुण्यात बसून कळायचं नाही. पुढच्या शनिवारी ये. माळ्यावरची साखळी काढून ठेवतो. गंज चढलाय, पण कड्या शाबूत आहेत. आपलंच खालचं रान मोजू. सातबाऱ्यावर ३२ गुंठे आहे, तुझं किती भरतं ते पाहू. दुपारी बारालाच सुरू करायचं, सकाळच्या गारव्यात नाही.

येताना बूट आण, चपला नकोत. आईनं दोन बाटल्या आत्ताच घासून ठेवल्यात.

तुझे,
बाबा