सहातलं एक

ठाणे, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काठावर, बाकी ठीक. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू "मी सांगत होतो ना" म्हणून मोकळा झाला असतास. पत्रात मध्ये बोलायची सोय नाही, म्हणून हा मार्ग.

ओम्याच्या जिम्नॅस्टिक्सच्या सरांनी परवा मला बाजूला घेतलं. म्हणाले, खांदा रिंग्ज सोसत नाही, पॉमेलवर (तो मुठी लावलेला घोडा) याचं मन नाही, पण बारवर हात देवाने दिलाय. सहातली बाकी पाच उपकरणं बंद करू, फक्त हॉरिझॉन्टल बार. मी विचारलं, मग ऑल-राउंड, सहाही उपकरणं मिळून? तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. आणि चिरंजीव काय करत होते? हसत होते! घरी येताना वडापाव मागितला, तोही दोन. झोप उडाली ती माझी.

आता तू जपानचा जिम्नॅस्ट कोहेई उचिमुरा काढणार, मला माहीत आहे. म्हणून मीच काढतो.

कोहेई म्हणजे माझ्यासाठी सहाच्या सहा. २००९ ते २०१६, जागतिक आणि ऑलिंपिक मिळून सलग आठ ऑल-राउंड विजेतेपदं. २०११ला टोकियोत तर दुसऱ्यापेक्षा ३.१०१ गुण पुढे. या खेळात जिथे हजाराव्या भागावरून माणसं रडतात, तिथे! आणि डिफिकल्टी वाढवायची म्हणून त्याने पाय कधी वाकडे होऊ दिले नाहीत. रिंग्जला लागतो तो खांदा पॉमेलच्या फिरकीला जड होतो, फ्लोअरला लागणारी मांडी बारवर नुसतं ओझं. सहाही ठिकाणी एकच शरीर न्यायचं आणि कुठेच उपरं दिसायचं नाही, हे त्यालाच जमलं. नागासाकीकडच्या इसाहायात आईबापांचा क्लब, तिसऱ्या वर्षापासून तिथेच लोळला. भाज्यांचं वावडं, चॉकलेटवर जगायचा. तू म्हणायचास, "माझंही तसंच आहे, फक्त पदकं राहिली."

२०१६च्या रिओ ऑलिंपिकवरून आपण सहा महिने बोललो नव्हतो, आठवतं? ऑल-राउंडच्या शेवटच्या उपकरणाआधी युक्रेनचा ओलेग वेर्नायेव ०.९०१ने पुढे. मग बारवर कोहेईचे १५.८००, ओलेगचे १४.८००, आणि सोनं ०.०९९ने जपानला. तू म्हणालास, पंचांनी दिलं. अरे, ओलेगची लँडिंग हलली ती दोघांनीही पाहिली होती. पत्रकार परिषदेत पंच कोहेईला झुकतं माप देतात का असं कोणीतरी विचारलं, तर खुद्द ओलेगनेच तो प्रश्न उडवून लावला. तू मात्र त्याच्यापेक्षा जास्त युक्रेनियन! (त्याच रिओत पोकेमॉन शोधत फिरून कोहेईने पाच लाख येनचं फोन बिल केलं होतं. हे सुलूला सांगू नकोस, ती माझं बिल काढेल.)

तर तुझा मुद्दा मी आधीच ऐकू शकतो. २०१७ला माँट्रियालमध्ये व्हॉल्टच्या लँडिंगला घोटा गेला, पुढे खांदे गेले, आणि शेवटी "तुझा ऑल-राउंडवाला देवही एका बारवरच आला की." आला, खरंय. घरच्या, म्हणजे २०२१च्या टोकियो ऑलिंपिकसाठी पाच सोडली, एक धरलं. आणि पात्रता फेरीत तिथूनच पडला. मोठी मोठी सोडून-पकडणी नीट झाली आणि साध्या फिरकीत हात निसटला. मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो होतो.

पण दिन्या, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. सहाही उपकरणांवर मिळवायचं ते मिळवून झालेलं. असलेलं सोडणं वेगळं. ओम्या सोळाचा आहे, त्याच्याकडे पाच उपकरणं नीट आलीच कुठेत? न आलेलं सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हेही त्याला कळणार नाही.

त्यावर तू नेदरलँड्सच्या एप्के झोंडरलँडला उभा करशील. तुझा डॉक्टर! ग्रोनिंगनला मेडिकल शिकता शिकता २०१२ला लंडनला कसिना, कोवाक्स, कोलमन या तीन अवघड सोडून-पकडणी एकामागोमाग लावून बारचं सोनं नेलं. किंवा पॅरिस ऑलिंपिकचा तो चष्मेवाला नेडोरोसिक: सांघिक फायनलमध्ये बाकीचे घाम गाळतायत, हा बसून आहे, शेवटी चष्मा काढला, एक पॉमेल केलं, अमेरिकेला ब्राँझ. मान्य. असे लोक असतात. पण तू पॅरलल बारसाठी बाकी सगळं सोडलंस तेव्हा रोज संध्याकाळी माझं पॉमेल बघत कट्ट्यावर का बसायचास? हे मी तेव्हा विचारलं नाही, आत्ता विचारतोय.

ओम्याला मी काल एवढंच म्हटलं की पॉमेल निदान वर्षभर चालू ठेव. तो म्हणाला, "बाबा, पॉमेल तुम्हाला आवडतं." मग मॅग्नेशियमच्या पावडरीचे हात सोफ्याला पुसून आत गेला. सुलू सोफ्यावरून भडकली, त्यामुळे विषय तिथेच संपला.

आणखी एक गोष्ट, जी तू दरवेळी सोयीस्कर विसरतोस. टोकियोनंतर ऑक्टोबरमध्ये कोहेई किताक्युशूला जागतिक स्पर्धेत उतरला, जन्मगावी. बारच्या फायनलमध्ये सहावा. लँडिंग मात्र जागच्या जागी. आणि मार्च २०२२मध्ये टोकियोत निरोपाचा कार्यक्रम केला तेव्हा त्या मोडक्या खांद्यांनी त्याने सहाही उपकरणं केली. तेहतिसाव्या वर्षी! पंच नाहीत, गुण नाहीत, कोणी मागितलं नव्हतं. नुसता बार केला असता तरी लोकांनी टाळ्याच वाजवल्या असत्या.

सरांना बुधवारपर्यंत सांगायचंय. तू ओम्याशी बोल. माझी वकिली करू नकोस, तुझीही नको. त्याला फक्त विचार, बारवर हसतोस तसा अजून कुठे हसतोस का. मला तो खरं सांगणार नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, भेटायला यायचं राहिलंय. पोरीला दहावीच्या शुभेच्छा सांग.

तुझा,
बंड्या

ता. क. ओम्याचा फोन संध्याकाळी साडेआठनंतरच लागतो. आणि रिओचा विषय त्याच्यासमोर काढू नकोस, तो तुझ्या बाजूचा आहे.