सुमे, ते नाटक नव्हतं गं

सातारा, शनिवार रात्र

सुमे,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा उचलला नाही, मग ‘उद्या करते’ म्हणत राहिलं ते राहिलंच. शिव्या भेटल्यावर घाल. आज लिहितेय, कारण हे तुलाच कळेल. आणि खरं सांगायचं तर तुला थोडं टोचावं असंही मनात आहे.

राजगड आठवतो? चोर दरवाजाच्या खाली मी खडकावर आडवी झाले आणि दहा मिनिटांत टुणकन उठले. तू जोशीणीसमोर म्हणालीस, “हिचं दुखणं गुणी आहे, पाठ टेकली की पळतं.” चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते मी. तर बाईसाहेब, तू टोमणा मारलास आणि निदान करून बसलीस!

माझी उजवी किडनी सरकते. आडवी असले की जागेवर, उभी राहिले की खाली. थोडी सगळ्यांचीच हलते, श्वासाबरोबरसुद्धा. पण उभं राहिल्यावर पाच सेंटिमीटरपेक्षा किंवा दोन मणक्यांपेक्षा जास्त उतरली की त्याला नाव पडतं, नेफ्रोप्टोसिस. हे जास्त करून बारीक बायकांना होतं, आणि बहुतेक उजव्याच बाजूला. काटकुळी मी होतेच. त्यात अप्पा गेल्यावर अकरा किलो उतरले, तेव्हा तुम्ही सगळ्या “काय छान दिसतेस” करत होतात. किडनीभोवती चरबीची गादी असते, ती तेवढी झिजली. किडनी खाली आली की मूत्रनळी मुरडते नाहीतर रक्तवाहिनी ताणली जाते, आणि मग ती कळ. आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण अर्धवट टाकून मी स्टाफरूमच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. मुलांनी माझं नाव काय ठेवलं असेल ते विचारू नकोस.

तीन सोनोग्राफ्या झाल्या, तिन्ही नॉर्मल. होणारच, तिन्ही टेबलावर झोपवून केलेल्या! गॅस झाला, पाठ झाली, शेवटी “मॅडम, टेन्शन घेता का?” झालं. या वेळची डॉक्टर आपल्या विद्यार्थिनींएवढी पोरगी. तिने विचारलं, “दुखलं की काय करता?” म्हटलं, आडवी होते. “मग आज उभं राहूनच बघू.” पडद्यावर ती राखाडी घेवड्याची बी खाली उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली आणि मला हसूच फुटलं. ती बिचारी घाबरली.

सासूबाईंचा तोरा तर विचारूच नकोस. दोन वर्षं मला बेंबी बसवून घ्यायला नेत होत्या. आता वाड्यात सांगत सुटल्यात, “काहीतरी सरकलंय हे मी म्हणतच होते.”

आता घोळ असा की पुढे काय. डॉक्टर म्हणते आधी वजन वाढवा, पोटाला पट्टा बांधा. मग रेनोग्राम, म्हणजे किडनीतून लघवी नीट उतरते का ते दाखवणारी तपासणी, तीही झोपवून आणि बसवून, उभ्या स्थितीत किडनी खरंच तुंबते का ते बघायला. तुंबत असेल आणि दुखणंही हटत नसेल, तरच दुर्बिणीने टाके घालून ती जागेवर बांधायची. ऑपरेशन जुनंच आहे. 1864 मध्ये क्राकोच्या डीट्ल नावाच्या डॉक्टराने या कळांचं वर्णन केलं, 1881 मध्ये बर्लिनला हान नावाच्या सर्जनने पहिल्यांदा किडनी टाचली. मग इतकी टूम निघाली की बायकांचं काहीही दुखलं, चिडचिड झाली तरी टाच किडनी. बऱ्याचजणींना गुण आला नाही आणि सर्जन लोकांनीच हात आखडता घेतला. हे वाचल्यापासून झोप नाही. पोट फाडायची भीती नाही गं, सिझर दोनदा झालंय. पण टाचून घेतली आणि तरी दुखलंच, तर? आत्ता कुठे पुरावा हातात आलाय. मग परत मी नाटकी ठरणार. आणि तुला म्हणून सांगते, मधली काही वर्षं मलाही वाटायचं की मी नाटकच करतेय. उभं राहायचा कंटाळा येत असेल, म्हणून दुखत असेल.

ह्यांची शुगर ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच. तुझ्या दुकानाचं शटर बसलं का? मनूने शेवटी कॉमर्सच घेतलं म्हणे, बरं केलं. तुझ्या जाऊबाईंबद्दल फोनवर बोलू, ते लिहिण्यासारखं नाही.

रेनोग्राम पुढच्या गुरुवारी, पुण्याला. ह्यांना रजा नाही. तू येशील का? माफी वगैरे मागू नकोस, ते तुला शोभत नाही. येताना डिंकाचे लाडू मात्र आण, तूपवाले. वजन वाढवायचंय, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

तुझी,
नाटकी